मायनसमधलं शेवाळ

उजनी धरणाचं पाणी हिरवं झालं की दोन पक्ष लगेच उभे राहतात. एकाचं म्हणणं, ही पुणे-पिंपरीची घाण. दुसरा पक्ष बहुधा खुर्चीत बसलेला असतो. तो सांगतो, पातळी उतरली की असं व्हायचंच, पाऊस पडला की निवळेल. या उत्तरात कुणीच काही केलेलं नसतं. पाणी आपसूक उतरतं, शेवाळ आपसूक येतं आणि सोलापूर ते आपसूक पितं.

पातळीच दोषी असेल, तर कोयना का हिरवी होत नाही? १०५ टीएमसीचं ते धरणही दर उन्हाळ्यात कित्येक मीटर उतरतं. पण कोयनेच्या डोक्यावर जंगल आहे, उजनीच्या डोक्यावर पुणे-पिंपरीचं सांडपाणी आणणारी मुळा-मुठा.

इथे मला जलशास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आठवतात. फॉस्फेटवाली साबणपूड विकणारे त्यांच्या काळी सांगत फिरत होते की शेवाळाचा खरा गुन्हेगार कार्बन. १९७३ मध्ये शिंडलर यांनी कॅनडातल्या ऑन्टॅरिओत २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध पडदा लावला. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस एकीकडेच. तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेल्या त्या फोटोपुढे साबणवाल्यांचा युक्तिवाद टिकला नाही. आपल्याकडच्या ‘होतंच’वाल्यांच्या टेबलावर काचेखाली तो फोटो ठेवावा, असं मला फार वाटतं.

पण शिंडलरना उजनीवर आणलं की एक अडचण येते. त्यांच्या तळ्याला दरवाजे नव्हते, कालवे नव्हते, आवर्तनं नव्हती. उजनीच्या ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. नावाला मृत, पण आपण तोही उपसतो आणि ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली होतं. एवढं उथळ पाणी लवकर तापतं. वाऱ्यानं तळ ढवळतो आणि गाळात वर्षानुवर्षं सांडपाण्यातून साचलेला फॉस्फरस वर येतो. गाळात दबा धरून बसलेल्या मायक्रोसिस्टिसच्या पेशीही वर येतात. उघडा पडलेला काठ वाळतो, भेगाळतो, त्यावर गाळपेर होते. पावसाळ्यात तोच काठ बुडाला की वाळताना मेलेल्या सूक्ष्मजीवांतला फॉस्फरस पाण्यात उतरतो. उलट, गढूळपणा फार वाढला तर उजेडच आत जात नाही आणि शेवाळ अडतं. म्हणजे पातळी आणि हिरवेपणा यांचं गणित सरळ नाही.

तेव्हा खुर्चीवाल्यांचं अर्धं मला मान्य करावं लागतं, आणि घाणवाल्यांनाही एक कटू गोष्ट ऐकावी लागेल. उद्या पुण्याचं सांडपाणी पूर्ण शुद्ध झालं, तरी तळातली जुनी उधारी शेवाळाला काही वर्षं पोसत राहील. ती किती वेगानं वर यायची, हे पातळी ठरवते.

आणि पातळी कोण ठरवतं? वरुणराजा अर्धीच. उरलेली कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी द्यायचा वाद पेटला, तेव्हा कागदोपत्री ते पाणी पुण्याहून येणाऱ्या सांडपाण्याचंच होतं. मोर्चे निघाले, आदेश मागे घेतला गेला. भांडण टीएमसीचं होतं. त्या टीएमसीत काय विरघळलंय, यावर एकही मोर्चा माझ्या पाहण्यात नाही.

समितीपुढे साठ्याचे आकडे असतात, मागण्या असतात, आमदार असतात. त्याच कागदावर आणखी एक रकाना हवा: हे आवर्तन सोडलं तर किती गाळ उघडा पडेल. धरणाची क्षेत्रफळ-साठा कोष्टकं जलसंपदा खात्याकडे असतातच. हिशोब एका दुपारचा आहे.