निरोप पोहोचतो का?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

या दोन श्लोकांत भगवंत माणसाच्या घसरणीच्या पायऱ्या सांगतात. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश. यातली स्मृतिभ्रंशाची पायरी मला नीट उमगली ती माझ्या सेकंड हँड बाईकमुळे.

बाईक लिक्विड कूल्ड आहे. इंजिनाची उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत आणतं आणि तिथून हवा ती घेऊन जाते. हायवेला समोरचा वाराच पुरतो. पण सिग्नलला थांबलं की वारा नाही; तेव्हा रेडिएटरचा फॅन फिरायला हवा. माझा फिरत नव्हता. साताऱ्याच्या रस्त्याला बाईक एकदम शांत, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये थोड्याच वेळात लाल दिवा!

मेकॅनिककाकांनी फॅन थेट बॅटरीला जोडला. गरगर फिरला. फ्यूजही चांगला. कनेक्टरच्या पिना मात्र गंजलेल्या. काका म्हणाले, "फॅनला काही झालं नाही रे, त्याला निरोपच पोचत नाहीये."

स्मृतिभ्रंश म्हणजे हेच की! गीता आपल्याला माहीत असते, हरिपाठ पाठ असतो. सगळं सुरळीत चाललंय तोवर मन थंड असतं, पण ते वाऱ्यामुळे. प्रमोशन अडतं, लग्न जमत नाही, आई तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते, तेव्हा खरी परीक्षा. ज्ञान आत असतं, पण नेमक्या त्या क्षणी आठवत नाही. आणि चटका घरच्यांना बसतो.

गंज आधीच्या मालकाच्या काळातला असेलही. आपले संस्कारही असेच, काही घरातून आलेले, काही जन्मोजन्मीचे. पण गाडी आता आपल्या नावावर आहे. दोष कुणाचा हे ठरवून इंजिन थंड होत नाही, पिना घासाव्याच लागतात. रोजचं नामस्मरण म्हणजे ते घासणं.

अजून एक. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. दाबाखालचं उकळतं कूलंट अंगावर उडतं. गाडी बंद करायची आणि थांबायचं. रागात तोंड उघडण्याबद्दल वेगळं काय सांगू?

आजचा संकल्प: जिथे जिथे थांबावं लागेल, सिग्नल, लिफ्ट, ओटीपीची वाट, तिथे तीनदा नाम घ्यायचं. मन थंड असतानाच. म्हणजे तापेल तेव्हा निरोप वेळेवर पोहोचेल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥