भिंतीकडच्या खुर्च्या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळच्या पत्रिकेसाठी 'सेवेतली काटकसर' हा विषय माझ्याकडे आला. आधी वाटलं, छान, चार गोष्टी सांगू, भंडाऱ्यात पत्रावळी किती वाचवता येतात वगैरे. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं की या विषयावर बोलायचा अधिकार मी एका टीव्हीपायी गमावला आहे. तेव्हा तेच सांगते.

दोन वर्षांपूर्वी गुरुपौर्णिमेच्या तोंडावर आमच्या इंदूरच्या केंद्रातला जुना टीव्ही बंद पडला. दर गुरुवारी संध्याकाळी आपण सगळे महाराजांचं प्रवचन त्यावरच ऐकतो. नव्या टीव्हीसाठी वर्गणी काढली, पंचवीस हजार जमले. खरेदीचं काम माझ्याकडे. एका मोठ्या दुकानात त्यांच्या स्वतःच्याच नावाचा त्रेचाळीस इंची टीव्ही चौदा हजारांत होता. खोक्यावर इतके शिक्के, इतकी विशेषणं की वाचता वाचता दमायला व्हावं. शेजारी नामांकित कंपनीचा तेवढाच टीव्ही जवळजवळ दुप्पट. दोन्ही सुरू होते, आणि खरं सांगते, स्वस्तातला जास्त झगमगत होता. मी घेऊन टाकला. अकरा हजार वाचले. त्यातून गुरुपौर्णिमेला साजूक तुपातला शिरा झाला आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ते कौतुक मला शिऱ्यापेक्षा गोड लागलं, हेही कबूल करते.

वॉरंटी एक वर्षाची. चौदाव्या महिन्यात, पितृपक्षातल्या गुरुवारी, चालू प्रवचनात पडद्याचा खालचा अर्धा भाग काळा झाला. महाराजांचा चेहरा दिसतोय, हात दिसत नाहीत. मी दुकानावर भयंकर चिडले. दुकानवाल्यांनी शांतपणे सांगितलं की टीव्ही ते बनवत नाहीत, कुठल्याशा कारखान्यातून बनवून घेतात आणि वर आपलं नाव लावतात, आता मुदत संपली आहे. सुटे भाग? ते बघावं लागेल. पुढे कळलं की एकाच नावाच्या दोन खेपांमध्ये आतले भाग वेगवेगळे असू शकतात, म्हणून मेकॅनिकलाही चटकन सापडत नाहीत.

शेवटी कॉलनीतल्या मेकॅनिकला केंद्रात बोलावलं. त्याने पडदा उघडून दाखवला. मागे छोट्या छोट्या दिव्यांच्या पट्ट्या असतात. दिवे माळेसारखे एकापुढे एक जोडलेले. एक गेला की त्याच्याबरोबरची सगळी ओळ विझते. टीव्ही दुकानात उठून दिसावा म्हणून हे दिवे पूर्ण जोरात पेटवून ठेवतात, घरी आणल्यावर कोणी ते कमी करत नाही, आणि हलक्या प्रतीचे दिवे त्या उष्णतेत लवकर जातात. "भाभीजी, ब्राइटनेस आधी रखते तो और चलता," तो म्हणाला. मला कोण सांगणार! मी तर पूर्ण झगमगाटच विकत घेतला होता.

त्याने पट्ट्या बदलल्या, टीव्ही सुरू केला. पुढच्या सतरंजीवर त्याचं सामान पसरलेलं होतं, म्हणून मी भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्च्या आपण गुडघे दुखणाऱ्यांसाठी ठेवतो. चौदा महिन्यांत मी तिथे एकदाही बसले नव्हते. माझी जागा ठरलेली, टीव्हीच्या अगदी समोर.

तिथून महाराजांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. अंगावरची भगवी शाल पांढुरकी. मला वाटलं, अजून काहीतरी बिघडलंय. मेकॅनिक म्हणाला, "नहीं, साइड से ये ऐसा ही दिखेगा. पैनल सस्ता है." समोरून रंग बरोबर, बाजूला सरकलं की उडालेले. आवाजाचंही तेच. पातळ खोक्यात बोटभर स्पीकर, त्यांची तोंडं मागे भिंतीकडे. वय झालं की माणसाला बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, त, क ही अक्षरं निसटतात, नुसती गुणगुण उरते. मग आवाज वाढवा, तर खोकंच थरथरतं.

मला एकदम आमच्या एका आजी आठवल्या. बारा-तेरा वर्षं त्यांनी एक गुरुवार चुकवला नव्हता. त्या टीव्हीनंतर तीन-चार महिन्यांत यायच्या बंद झाल्या. "गुडघे" म्हणाल्या होत्या. मी त्यांना फोनवर उपदेशही केला होता, की आजी, शरीराचे लाड पुरवू नका, नेम मोडू नका. देवा!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. खूप आढेवेढे घेतल्यावर त्या बोलल्या. "अगं, मला वाटलं माझे डोळे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी पुन्हा तपासून आले. डॉक्टर म्हणाले ठीक आहेत. आणि महाराज काय बोलतात ते समजेना. महाराज आता अस्पष्ट बोलतात असं कसं म्हणू गं? माझेच कान आणि माझंच पाप, असं म्हणून गप्प बसले."

टीव्ही माझा कच्चा, आणि अपराधी ठरवलं त्यांनी स्वतःला. एका गुरुवारच्या अन् एका शिऱ्याच्या हिशेबात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गोरोबाकाकांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तेरला संत जमले होते. मुक्ताबाईंनी थापटणं बघून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग आम्हालाच तपासा, असं ठरलं. सगळे शांत बसले, नामदेवरायांना मात्र मार सोसला नाही, ते रागावले, आणि हे मडकं कच्चं असं ठरलं. आपण ही गोष्ट अहंकारावर घेतो, ते बरोबरच आहे. पण मला आता त्यातला कुंभारही दिसतो. तो आपल्या मालाला स्वतः थापटून बघतो, लोकांच्या हाती देण्याआधी. आपल्या आया-आज्या माठ घेताना टिचकी मारून नाद ऐकत. मी चौदा हजारांच्या वस्तूला टिचकी मारली नाही, नुसतं खोकं वाचलं. आणि दुकानदारावर चिडले तेव्हा रागावणारी मीच होते, नामदेवरायांसारखी. फरक इतकाच की ते पुढे विसोबा खेचरांकडे गेले. मी दुकानाच्या काउंटरवर भांडत होते.

स्वस्त घेऊ नये असं मी म्हणत नाही. आपली वर्गणी कष्टाची आहे. माझं माहेर हैदराबादचं, काचीगुड्याचं. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा आमच्याकडे ईसीचा कृष्णधवल टीव्ही होता, तिथल्याच कारखान्यात बनलेला. अर्धी गल्ली आमच्या खोलीत. पण माझे आजोबा आधी म्हाताऱ्या माणसांना समोर बसवत, मग आम्हा पोरांना कडेला. कमी पैशांतही कडेला कोण बसणार हे ते बघत. मी पैसे वाचवले, पण ते कोणाच्या वाट्यातून वाचवले हे बघितलं नाही.

दुसऱ्या केंद्रांतून टीव्ही घ्यायचा असेल तर पेनड्राइव्हवर प्रवचन घेऊन जा. गाणी-सिनेमे नकोत, बोलणं लावा. दुकानातला झगमगाटाचा मोड बंद करायला सांगा. मग दोन्ही बाजूंना जाऊन उभं राहा. आपल्या गावात दुरुस्ती कोण करतं ते विचारा, बिल जपून ठेवा. अडचण आली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि शक्य असेल तर एखाद्या आजींनाच बरोबर न्या, त्या लगेच सांगतील.

आम्ही नवा टीव्ही अजून घेतलेला नाही. दिव्यांचा जोर कमी केला आहे. वेगळा स्पीकर आणला, तो खुर्च्यांजवळ ठेवतो. त्याचे पैसे मी देणार म्हटलं, मंडळींनी अर्धेच घेतले. खुर्च्या आता मध्ये आहेत आणि सतरंजी दोन्ही कडांना.

गेल्या गुरुवारी आजी आल्या. मी कडेला बसले होते, मला महाराज राखाडीच दिसले. प्रवचन संपल्यावर आजींनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "शाल भगवीच आहे की गं. मला वाटलं होतं महाराजांनी पांढरी घ्यायला सुरुवात केली."

जय गुरुदेव 🙏