रंगविलेली भिंत आणि घराची किंमत

घर विकावयाचें ठरलें म्हणजे पुष्कळ लोक प्रथम चुना भिजवितात. अंगण सारवितात, फुटकीं कौलें बदलतात, दाराला रंग देतात. आणि काल ज्या घराला कोणी विचारीत नव्हतें त्याला आज अधिक किंमत येते. यांत गैर तें काय, असें कोणी आम्हांस विचारील. या प्रश्नाचा आम्ही थोडा विचार करूं.

घेणाऱ्याला भिंतीच्या पोटांत शिरतां येत नाहीं. वाळवी वाशाला आंतून पोखरते व वरचा पापुद्रा तसाच ठेवते. भिंतींतून चढणारी ओल ताज्या चुन्याखालीं कांहीं दिवस लपते. म्हणून जें दिसतें त्यावरून न दिसणाऱ्याची पारख करणें त्याला भाग पडतें. ज्यानें अंगण नीट राखिलें त्यानें वासेहि राखिले असतील, असें तो समजतो. अर्थात् घराचें बाह्य रूप ही एक साक्षच होय. आणि साक्ष खरी असते तशी खोटीहि असते.

तेव्हां निगा घेतलेलें घर झाडून सारवून दाखविणें हा दोष नव्हे. पण ओलीचा डाग झांकण्यासाठींच जो कुंचला फिरवितो, त्याचा कुंचलाच खोटें बोलतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५५ सांगतें कीं, उलट करार नसल्यास, विकणाऱ्यास ठाऊक असलेला पण घेणाऱ्यास साधारण काळजीनें न सांपडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें उघड केला पाहिजे.

कोणी म्हणेल, "सगळेच असें करतात." अमेरिकेंतील अर्थशास्त्री जॉर्ज अकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींच्या उदाहरणानें दाखविलें कीं, खरा व खोटा माल ओळखतां येईनासा झाला म्हणजे लोक सर्वच मालाला हलका भाव देतात, आणि चांगल्या मालाचा धनी बाजारांतून निघून जातो. म्हणजे एका लबाड भिंतीचा दंड शेजारच्या प्रामाणिक घराला भरावा लागतो.

घेणाऱ्याचाहि धर्म आहे. एखाद्या विधवेच्या घराचे वासे सागाचे व भक्कम आहेत हें ओळखून, केवळ निघालेल्या पोपड्यांकडे बोट दाखवून जो भाव पाडतो, त्याला कायदा कदाचित् धरणार नाहीं. तरी त्यानेंहि बाह्य रूपाला खोटें बोलावयास लाविलेंच.

वाचकहो, घर विकावयाचें असेल तर चुना अवश्य लावा. पण जेथें वाळवी आहे तेथें घेणाऱ्याचा हात धरून न्या. भाव थोडा उतरेल. परंतु त्या घरांत जीं मुलें निजतील त्यांच्या डोक्यावरचें आढें आपल्या मौनावर उभें राहणार नाहीं.