‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचे?

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे या गावात पोलीस ठाणे आहे आणि आजूबाजूला कपाशी, मका, सोयाबीनची शेती आहे. अशा गावात ‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द वेगवेगळ्या कामांसाठी रोज वापरात असतो. नव्या ठाणेदारांनी चार्ज घेतला. अमक्याच्या केसची चार्जशीट कोर्टात गेली. बिलात या महिन्यात चार्जेस वाढून आले. मोबाइल चार्जिंगले लावला. दहावीच्या विज्ञानात विजेचा चार्ज असतो तो वेगळाच. बँकेने पीककर्जापोटी जमिनीवर जो चार्ज ठेवला, त्याला मात्र गावात कुणी चार्ज म्हणत नाही. तो बोजा.

इंग्रजीला या सगळ्यांसाठी एक शब्द पुरतो, कारण त्याच्या मुळाशी एकच क्रिया आहे: गाडीत माल लादणे. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि लादण्याचा अर्थ पसरत गेला. माणसावर जबाबदारी, जमिनीवर कर्ज, गिऱ्हाइकावर रक्कम, आरोपीवर गुन्हा. मराठीने यातल्या प्रत्येक लादण्याला आपापले नाव दिले. कार्यभार, बोजा, आकार, दोषारोप, विद्युतप्रभार. यातले काही शब्द शासनाने ठरवले, काही पाठ्यपुस्तकांनी रुळवले, तर काही महसुलाच्या दफ्तरात फार आधीपासून नांदत होते.

बोजा या शब्दाकडे नीट पाहावे. कर्ज मंजूर झाले की फेरफार नोंदवला जातो आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचे नाव आणि रक्कम चढते. फेड झाली की कर्ज नील झाल्याचा दाखला देऊन तो बोजा कमी करून घ्यावा लागतो. तसे न केल्यास पैसे फिटूनही जमीन कागदावर अडकलेलीच राहते आणि विक्रीच्या किंवा वाटणीच्या वेळी अडचण उभी राहते. बोजा चढतो, बोजा उतरतो. शेतकऱ्याला काय करायचे आहे, ते शब्दातच सांगितलेले आहे. शासनाच्या ई-हक्क प्रणालीनेही हाच शब्द कायम ठेवला, हे फार चांगले झाले. तिथे ‘प्रभार निर्मिती’ असे काही आले असते, तर अर्ज भरण्याआधी तो समजावून सांगणारा माणूस शोधावा लागला असता.

महावितरणच्या बिलावरच्या ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ यांतला ‘आकार’ हा शब्दही असाच अनुभवातून आलेला आहे. इथे आकाराचा संबंध लांबीरुंदीशी नाही, तो ‘आकारणे’ या क्रियापदाशी आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला कर आकारणी नोंदवही म्हणतात आणि सातबाऱ्यावर क्षेत्रासोबत आकारणीही लिहिलेली असते. वीज गावात येण्याच्या कितीतरी आधी शेतसाऱ्याने शिकवलेला शब्द विजेच्या बिलाला कामी आला. हिंदी भाषकाला ‘वीज आकार’ वाचून काहीच बोध होणार नाही, कारण हिंदीत आकार म्हणजे केवळ आकृती. तिकडच्या बिलांवर ‘ऊर्जा प्रभार’ असते आणि तिथल्या लोकांना ते कळते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एकाचे दुसऱ्यावर लादल्याने.

हे लादणे आता वाढते आहे. केंद्राच्या योजना, बँका, विमा, मोबाइलवरची ॲप, सगळीकडे मराठी पर्याय मिळतो, पण मजकूर इंग्रजीवरून हिंदीत आणि हिंदीवरून मराठीत आणल्याच्या खुणा जागोजागी दिसतात. दोन्ही भाषांची लिपी एक, संस्कृत शब्दांचा साठाही बराचसा एक, म्हणून फक्त विभक्ती बदलली की मराठी झाले असा समज आहे. चार्जच्या बाबतीत तो लगेच उघडा पडतो. विजेच्या चार्जला हिंदी पाठ्यपुस्तकात ‘आवेश’ म्हणतात. मराठीत आवेश भाषणात असतो, लढाईत असतो. हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्या आणि परीक्षा मराठीत देणाऱ्या खेड्यातल्या मुलाला हा फरक स्वतःच शोधून काढावा लागतो.

कायद्यात तर याची किंमत मोठी आहे. आपल्याकडे कुणीही कुणावर करतो तो आरोप आणि तपास संपवून पोलीस न्यायालयात देतात ते दोषारोपपत्र. हिंदीत दोन्हीकडे ‘आरोप’च येतो. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा कायदा ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’ या नावाने लागू झाला. हिंदीत साक्ष्य म्हणजे जबानी, कागद, इलेक्ट्रॉनिक नोंद, सगळा पुरावा. मराठीत साक्ष म्हणजे साक्षीदार जे सांगतो ते. नाव वाचून एखाद्याला वाटेल की हा कायदा फक्त साक्षीदारांचा आहे. बुलडाणा जिल्ह्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरकडे गेले, तर तिथल्या कोर्टात ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड. इकडे तो नोकरीचा दिला जातो.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. १९५६ पर्यंत बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याच्या कारभाराच्या भाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. त्याच राज्याच्या राजधानीत, नागपुरात, डॉ. रघुवीर संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडवत होते. सगळ्या भारतीय भाषांना एकच परिभाषा मिळावी ही त्यामागची दृष्टी मोठी होती. पुढे महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि मराठीने स्वतःचे कोश केले. वैज्ञानिक संज्ञा देशभर सारख्या असाव्यात, या म्हणण्यात आजही तथ्य आहे. रसायनशास्त्रात तो आग्रह जरूर धरावा. सातबारा, वीजबिल, दोषारोपपत्र हे मात्र एका माणसाच्या जमिनीचे, पैशाचे, अब्रूचे कागद आहेत. ते त्याला वाचता आले नाहीत, तर देशभरातल्या एकसारखेपणाचा त्याला काय उपयोग?

यात शुद्धीचा सोस नाही. ‘चार्जिंग’ लोकांनी घेतला, वऱ्हाडी प्रत्यय लावून आपलासा केला. तो बदलण्याचे कारण नाही. फारसीतून आलेला ‘दफ्तर’ हा शब्दही कुणाला परका वाटत नाही. शब्द कुठून आला यापेक्षा त्याने काम होते का, हे महत्त्वाचे.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी किंवा बँकेचा मराठी नमुना इंग्रजी मसुद्यावरून थेट मराठीत व्हावा, हिंदीवरून नव्हे. आणि तो छापण्याआधी धामणगाव बढेसारख्या गावात तलाठी, पोलीस पाटील, बचत गटाच्या बाया, कर्ज काढलेला शेतकरी यांच्यापुढे वाचून दाखवावा. जिथे ते अडतील, तिथे शब्द बदलावा. कोशकार विद्वान असतो, पण बोजा उतरवण्यासाठी हेलपाटे घालणाऱ्याला त्या कागदावरच्या शब्दाची गरज त्याच्यापेक्षा जास्त असते, आणि तो शब्द ठरवण्यात त्याचाही हक्क आहे.