खरेदीखतात नसलेली भिंत

खरेदीखतात चतुःसीमा काटेकोरपणे लिहिलेल्या असतात. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुकाचा भूखंड, इतके क्षेत्रफळ, इतका मोबदला. परंतु मागल्या मालकाने तळघरातली नऊ इंची भिंत काढून टाकली, ही गोष्ट त्या दस्तऐवजाच्या एकाही पृष्ठावर आढळत नाही.

1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्यानंतर निगडी-आकुर्डीच्या बाजूस पदरमोड करून ज्यांनी घरे बांधली, त्यांच्यापैकी कित्येकांचे स्लॅब विटांच्याच भिंतींवर टेकलेले आहेत. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले, भाडेकरूंची रीघ लागली आणि खालच्या जागेचा गाळा करण्याचा मोह अनावर झाला. ठेकेदाराचे आश्वासन ठरलेले, "साहेब, काही होत नाही." काही काळ खरोखरच होत नाही, हेच दुर्दैव, वरचा भार मुकाट्याने शेजारच्या भिंतींवर सरकतो, आणि त्या मुदतीलाच आपण निर्धोकपणा समजतो.

घाटकोपरची सिद्धीसाई ही चार मजली इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून 17 माणसे दगावली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि आधाराचे खांब तोडल्याचा आरोप झाला. जागेचा ताबा एकाचा, तिच्यावर विसंबलेले जीव दुसऱ्यांचे. ताबेदाराच्या हक्काला इथे मर्यादा पडते.

भिंत भार पेलणारी होती की नुसता आडोसा, हे पाहण्यास वरच्या मजल्यावर नेमकी तिच्याच रेषेत भिंत आहे काय, स्लॅबचे टोक तिच्यावर टेकत होते काय, हे तपासावे लागते. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चढणारी भेग, अचानक अडकू लागलेले दार, पोट आलेला स्लॅब ही लक्षणे दिसली, तर जुने मिस्त्री भेगेवर काचेची पट्टी गिलाव्याने आडवी बसवून शेजारी तारीख घालतात; पट्टी तडकली, म्हणजे घर अद्याप हलते आहे. मग प्रथम टेकू, नंतर अभियंत्याने हिशेब करून दिलेली लोखंडी तुळई, तिच्या दोन्ही टोकांना भक्कम आधार, वरची फट घट्ट भरून घेणे, आणि मसाला पुरता आवळल्यावरच टेकू काढणे, असा क्रम आहे. भेगेत लांबी भरून वर रंग देणे ही दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी आहे.

"भिंत मी काढली नाही, मग मी का सांगावे?" असे मधला मालक विचारतो. प्रश्न कायद्याच्या दृष्टीने कसाही असो, ज्याला कळले त्याने मौन धरून घर दुसऱ्याच्या गळ्यात घातले, तर तो त्या कृत्यात भागीदार झाला, असे मला वाटते. त्याने फेरबदल आणि बसवलेली तुळई मूळ नकाशावर दाखवून अभियंत्याच्या दाखल्याची नक्कल खरेदीखतास जोडावी. भाव उतरेल, हा आक्षेप खरा आहे. पण ज्या गाळ्याचे भाडे इतकी वर्षे खिशात पडले, त्या गाळ्यासाठी काढलेल्या भिंतीची किंमत नव्या बिऱ्हाडाने का भरावी?