जिवंतच आहे की!

अमेरिकेतल्या ओहायो नदीतले मोठे कॅटफिश जाळ्याने धरून टाकीवाल्या ट्रकमधून जिवंत नेतानाचा एक व्हिडिओ माझ्या फोनवर आला. जाळं मी सहन केलं, ट्रकही सहन केला. डोकं फिरलं ते शेवटी ट्रकवाल्या गृहस्थाने दिलेल्या उत्तराने. 'आम्ही मासा मारत नाही. जिवंतच आहे की! नदीतून तळ्यात गेला, एवढंच.'

एवढंच म्हणे! ओहायो नदीतला फ्लॅटहेड किंवा ब्लू कॅटफिश तीन फुटांचा व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. नर बुडालेल्या ओंडक्याच्या पोकळीत नाहीतर काठाच्या कपारीत बसून अंडी राखतो. असा मोठा मासा जाळ्यात आला, तर त्याला खाण्यासाठी सहसा कोणी नेत नाही. या नदीच्या मोठ्या माशांत पारा आणि पीसीबीसारखी विषारी द्रव्यं साठतात, ते बेताने खा असं तिथली सरकारंच बजावत असतात. बाजारात मिळणारा कॅटफिश बहुतेक मिसिसिपीसारख्या राज्यांतल्या तळ्यांत वाढवलेला असतो. नदीतल्या म्हाताऱ्या माशाला भाव येतो तो जिवंतपणामुळे. टाकीत घालायचा, पैसे भरून गळ टाकायच्या खासगी तळ्यावर न्यायचा आणि पौंडाच्या दराने विकायचा. तिथे माणसं तिकीट काढून काठावर खुर्च्या टाकतात आणि ज्याचा मासा वजनात सर्वांत भारी, तो बक्षिसाची रक्कम घेऊन जातो.

आता 'जिवंतच आहे की' हा युक्तिवाद जरा पुढे नेऊ. गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना भल्या पहाटे पारावरून उचललं, ट्रकमध्ये घातलं आणि मॉलच्या दारात तिकीट लावून बसवलं. येईल त्याने त्यांना उचलून पाहायचं, वजन करायचं, फोटो काढायचा, परत ठेवायचं. मुलगा धावत आला तर सांगायचं, काका, ओरडता कशाला, जिवंतच आहेत की! खायला घालतो, पाणी देतो, पंपाने हवासुद्धा सोडतो. उलट पारावर त्यांना चार माणसं भेटत होती, इथे चारशे भेटतात. आणि आजोबा दोन उन्हाळ्यांत गेले, तर त्याला आम्ही काय करणार, वय झालं होतं. गावात अजून आजोबा असतीलच, ट्रक पाठवतो.

हेच तर त्या तळ्यांवर होतं. उथळ पाणी, दाटी, उन्हाळ्यात कमी पडणारा प्राणवायू आणि तोच मासा पुन्हा पुन्हा गळाला लागलेला. तो मेला की जागा रिकामी होते आणि नदीवर नवी मागणी जाते. मासा मारून खाणाऱ्याचं पोट कधीतरी भरतं. तळ्याचं भरत नाही. म्हणून मला तर हे 'न मारणं' मारण्याहून महाग वाटतं. (माझं मत या बाबतीत तसंही कलुषित आहे. हॉटेलच्या दारातल्या काचेच्या पेटीत तोंडाची उघडझाप करणारा मासा दिसला की मी उलट्या पावली परततो. घरच्यांनी आता हॉटेल निवडताना मला विचारणं सोडलंय.)

पोटापाण्याचा प्रश्न आहे, परवाना आहे, नदीत मासे उदंड आहेत, हेही ऐकलं. बरं.

नियम नाहीत असं नाही. ओहायो आणि इंडियानामध्ये ३५ इंच किंवा त्याहून मोठा ब्लू आणि फ्लॅटहेड दिवसाला एकेकच ठेवता येतो. टेनेसीत ३४ इंचांची रेघ आहे आणि ती गळवाल्याला आणि जाळीवाल्याला सारखीच लागू आहे. केंटकीने मर्यादा घातली, पण मोजक्या व्यावसायिक परवानाधारकांसाठी दार किलकिलं ठेवलं. आणि नेमका ओहायो नदीचा बराचसा भाग केंटकीच्याच हद्दीत येतो, कारण राज्याची सीमा उत्तरेकडच्या काठाच्या १७९२ सालच्या पाणीरेषेवर आहे. या वादाचा निकाल १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. माशाला यातलं काही कळवलेलं नाही. मला पटतो तो अलाबामाचा कायदा. ३४ इंच वा त्यापेक्षा मोठा कॅटफिश जिवंत राज्याबाहेर न्यायचाच नाही. त्यांनी ट्रकच अडवला.

आपल्याकडच्यांनी या गोष्टीला अमेरिकन चोचले म्हणून नाक मुरडू नये. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाळा याच मिश्यांच्या जातकुळीतला. त्याचा नर अंडी तोंडात धरून हिंडतो आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहतो. पर्ससीनच्या जाळ्यांनी १९८०च्या दशकात असे बापांचे कळपच्या कळप तोंडातल्या अंड्यांसकट उपसले. पुढे शिंगाळा का आटला, याचं आश्चर्य करणारेही आपणच.

आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे नदीवर हौसेने गळ टाकणाऱ्यांना हार घालावा, तर तेही जमत नाही. गळवाले मासा सोडून देतात, मान्य. पण आधी त्याच्या जबड्यात काटा रुतवतात आणि मग हात कॅमेऱ्याच्या दिशेने लांब करून तो धरतात, म्हणजे दोन फुटी मासा पाच फुटी दिसावा. या लांब हातांच्या फोटोंचा मला मनापासून कंटाळा आहे. मुख्य म्हणजे त्यांच्या हौसेचाही हिशोब आहे. व्हर्जिनियात जेम्स, रॅपाहॅनॉक, यॉर्क या नद्यांमध्ये १९७० आणि १९८०च्या दशकांत खेळाच्या मासेमारीसाठीच ब्लू कॅटफिश बाहेरून आणून सोडला. तो चेसापीक उपसागरभर पसरला आणि तिथले खेकडे, तिथले मासे फस्त करत सुटला. मेरीलँडच्या गव्हर्नरांनी २०२३ मध्ये केंद्र सरकारकडे मत्स्य-आपत्ती जाहीर करण्याची मागणी केली. म्हणजे एकाच माशाला एका नदीत पहारा आणि दुसरीकडे जाळी, परडी, तळणीचं तेल! नीतीला भूगोल असतो म्हणायचं, दुसरं काय.

तरीही ओहायोपुरता माझा कौल नदीच्या बाजूने आहे. काहीशा नाखुशीने गळवाल्यांच्याही बाजूने, कारण त्यांचा मासा फोटोनंतर निदान नदीत तरी असतो. मापाची रेघ सगळ्या राज्यांनी एक करावी, जाळ्याला आणि गळाला तीच लावावी आणि जिवंत वाहतूक बंद करावी. ज्यांना मोठा ब्लू कॅटफिश धरून विकायचाच आहे, त्यांनी आपली जाळी घेऊन मेरीलँड गाठावं. तिथलं सरकार स्वतःच त्याला गिऱ्हाइकं शोधतंय. फक्त तिथे तो मारून द्यावा लागेल. 'जिवंतच आहे की' म्हटलेलं तिथे कोणी ऐकून घेणार नाही.