तराफा आणि साखळी

मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्तात भगवान बुद्धांनी भिक्षूंपुढे एक दृष्टांत ठेविला आहे. गवत, काटक्या आणि फांद्या एकत्र बांधून एखाद्याने तराफा केला, त्याच्या आधाराने महापूर ओलांडला, आणि ‘याने मला तारले’ या कृतज्ञतेपोटी तोच तराफा डोक्यावर घेऊन तो पुढे रानोमाळ चालू लागला, तर त्याचे वर्तन उचित म्हणावे काय? भिक्षूंनी नकार दिला. आणि धर्मही तरून जाण्यासाठी आहे, कवटाळून बसण्यासाठी नाही, हे तथागतांनी त्यांच्या मनावर ठसविले. या दृष्टांताचे सत्य मला मान्य आहे. परंतु सातपुड्याच्या घाटवाटेवर त्याचे चिंतन करू लागले असता एक प्रश्न मनास सोडीत नाही: जो अद्याप ऐलतीरी उभा आहे, त्याच्याकरिता ती नाव कोणी वाहून न्यावयाची?

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न केवळ शास्त्रचर्चेचा उरलेला नाही. 1998 साली धुळे जिल्ह्यातून विभक्त झालेल्या या मुलुखाची उत्तर सरहद्द नर्मदेने आखली आहे; सरदार सरोवराची उंची 138.68 मीटरपर्यंत गेली, 2019 च्या पावसाळ्यात ते प्रथमच पूर्ण भरले, आणि अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत जेथे पूर्वी शेते आणि पायवाटा होत्या, तेथे अथांग पाणी येऊन उभे राहिले. याच प्रदेशातून नर्मदेचे परिक्रमावासी जातात, आणि नदी ओलांडावयाची नाही हे त्यांचे व्रत असते. काठच्या आदिवासी कुटुंबांना मात्र दवाखान्यास किंवा बाजारास जावयाचे तर नावेवाचून गत्यंतर नाही. त्याच 2019 च्या मकरसंक्रांतीस, भुषा येथे, नर्मदापूजनास निघालेल्या भाविकांची क्षमतेहून अधिक भरलेली नाव उलटली आणि माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी मदतीची नाव पाण्यातून येत नसते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यास असते. तेथून निघालेल्या नावेला आधी कोरड्या भूमीवरून दीर्घ प्रवास करावा लागतो, आणि चांदसैलीसारखा घाट ओलांडल्याखेरीज तिला पाण्याचे दर्शनही घडत नाही.

पाण्यावर जी सर्वांचा भार वाहते, तीच नाव जमिनीवर सर्वस्वी परस्वाधीन होते. ट्रेलरवर चढविलेल्या लहान मोटारबोटीचे सगळे जड इंजिन मागच्या फळीवर टांगलेले असते. ते अधांतरी ठेवले तर रस्त्यातील प्रत्येक खड्ड्याचा हिसका त्या फळीच्या सांध्यांवर बसतो, म्हणून इंजिनाखाली टेकू देऊन त्याचा भार ट्रेलरच्या सांगाड्यावर उतरवावा लागतो. केवळ नाळ बांधून भागत नाही, पिछाडीही दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी जखडावी लागते. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या हुकावर पडेल अशी तजवीज हवी. तो फार कमी पडला, तर उतारावर ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे हेलकावू लागते आणि ओढणारी गाडीही तिच्यामागे फरफटते. शेवटी हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींस छेद देऊन अडकवाव्या लागतात, म्हणजे हूक निसटलाच तर ट्रेलरचा दांडा त्या फुलीच्या झोळीत विसावतो, रस्त्यात रुतत नाही.

या साखळ्यांपाशी माझे मन रेंगाळते, कारण पट्टा आपल्या मालाचे रक्षण करतो, पण साखळीचा उपकार प्रामुख्याने परक्यावर होतो. घाटाच्या वळणावर डोक्यावर मोळी घेऊन चाललेली जी बाई आपण जन्मात पाहिलेली नाही, तिच्या अंगावर सुटलेला ट्रेलर जाऊ नये म्हणून साखळी असते. आसक्तीने वाहिलेला तराफा आणि करुणेने वाहिलेला तराफा दुरून सारखेच दिसतात; परंतु आसक्त मनुष्य आपली वस्तू जपतो, आणि करुणावान मनुष्य त्या वस्तूपासून इतरांना जपतो. संबोधीनंतर पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी फिरलेल्या बुद्धांनी दुसऱ्या अर्थाने तराफा खांद्यावरून कधी उतरविलाच नाही, असे मी मानतो, आणि तसे मानल्याने मूळ दृष्टांतास बाध येतो असे मला वाटत नाही.

बुडालेल्यांविषयी ‘ईश्वरेच्छा’ हा शब्द आपल्याकडे फार लौकर उच्चारला जातो. तो शोकाकुल आईने उच्चारावा, तिला तो अधिकार आहे. ज्याने माणसे मोजली नाहीत किंवा साखळी अडकविली नाही, त्याने आपली हयगय झाकण्यासाठी त्याचा आश्रय घेणे हा अधर्म होय.

म्हणून नाव घेऊन घाट उतरणाऱ्यांस माझी विनंती आहे की, काठाशी पोहोचल्यावर घाई अनावर होईल तरी, जीव वाचविण्याचा क्षण नसेल तेव्हा, ट्रेलर पाण्यात लोटण्यापूर्वी चाकाच्या मध्यभागी हात लावून पाहावा. तो भाग तापलेला असेल तर थोडे थांबावे. तापलेले बेअरिंग थंड पाण्यात एकाएकी बुडाले की पाणी आत ओढून घेते, ग्रीस निकामी होते, आणि पुढच्या वेळी कोणी हाक मारील तेव्हा नाव वाटेतच अडकते.